शेताला रस्ता आणि देशाला बंदर: पोलंडच्या किनाऱ्याची गोष्ट

घरात कुणाला ताप आला की आपण विचारतो, "किती आहे?" उत्तर येतं, "एकशे दोन." हे एकशे दोन ज्याच्या नावाने मोजतात तो डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट १६८६ साली ग्दान्स्क नावाच्या बंदरात जन्मला. आता हा गृहस्थ कुठला म्हणायचा? घरची भाषा जर्मन, शहर पोलंडच्या राजाचं, आणि बरीचशी हयात काढली हॉलंडमध्ये. ग्दान्स्कबद्दल कुठलाही साधा प्रश्न विचारा, उत्तर असंच तीन तुकड्यांत येतं.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हापासून पोलंडच्या बंदरांची नावं बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. ग्दान्स्क, ग्दिनिया, श्चेत्सिन, श्विनोउइश्चे. कधी कोळसा, कधी धान्य, कधी गॅस. त्यातल्या ग्दिनियाला शहराचा दर्जा मिळून १० फेब्रुवारी २०२६ रोजी शंभर वर्षं झाली. नावं उच्चारताना जीभ अडखळते हे कबूल, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. शेताला रस्ता नसलेला शेतकरी ज्याने पाहिलाय त्याला ती लगेच कळेल.

आधी नकाशा

बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धक्का, क्रेन आणि जहाजं येतात. पण बंदराचा जीव असतो त्याच्या पाठीमागच्या मुलखात. जिथून माल येतो आणि जिथे जातो त्या मुलखाला भूगोलाच्या पुस्तकात 'पृष्ठप्रदेश' म्हणतात. कोकणातल्या जुन्या बंदरांना पाठीमागे सह्याद्री आडवा होता, देशावरचा माल बैलांच्या पाठीवर लादून घाट उतरवावा लागे. पोलंडला तो त्रास नाही. देश बहुतेक सपाट, आणि त्यातून दोन मोठ्या नद्या उत्तरेकडे बाल्टिक समुद्राला जातात. विस्वा ही क्राकूव आणि वॉर्सावरून वाहत ग्दान्स्कच्या उपसागराला मिळते. आपल्याकडच्या नकाशांत ती 'व्हिश्चुला' म्हणून सापडेल. पश्चिमेची ओड्रा श्चेत्सिनकडे जाते. म्हणजे घाट नाहीच, उलट माल आपोआप खाली वाहून नेणारा रस्ता निसर्गानेच करून ठेवलेला.

यातच सगळी मेख आहे. रस्ता एकच असेल, तर त्याच्या शेवटी फाटक लावून बसलेला माणूस सगळ्या देशाला वेठीला धरू शकतो.

अडत्याचं शहर

ग्दान्स्कचा पहिला लेखी उल्लेख ९९७ सालचा. १३०८ मध्ये ते ट्यूटॉनिक सरदारांनी बळकावलं. हे जर्मन धर्मयोद्धे, हातात क्रूस आणि तलवार दोन्ही बाळगणारे. दीडशे वर्षांनी, १४५४ मध्ये, शहराने त्यांच्याविरुद्ध बंड केलं आणि आपणहून पोलंडच्या राजाचं छत्र पत्करलं. तेरा वर्षं चाललेलं युद्ध १४६६ च्या तहाने संपलं. राजाने या सेवेची किंमत मोजली. शहराला स्वतःचा कारभार, स्वतःचं नाणं, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे व्यापाराची मक्तेदारी मिळाली.

ती मक्तेदारी कशी चाले ते बघा. पोलंडचे जमीनदार राय आणि गहू पिकवत. राय म्हणजे थंड मुलखातलं गव्हासारखंच धान्य, युरोपातल्या गरिबाची भाकरी. हे धान्य तराफ्यांवर आणि सपाट बुडाच्या होड्यांत भरून विस्वेतून आठवडेच्या आठवडे वाहत ग्दान्स्कला यायचं. घेणारा डच व्यापारी तिथे जहाज लावून उभाच. पण जमीनदाराने थेट डच माणसाला माल विकायचा नाही. मध्ये ग्दान्स्कचा व्यापारी हवाच. मार्केट यार्डात अडत्याशिवाय वक्कल हलत नाही, तसंच. भाव तो ठरवणार, माल त्याच्या कोठारात राहणार, आणि जमीनदाराला उचल देऊन पुढच्या हंगामासाठी बांधूनही तोच ठेवणार.

तराफे घेऊन आलेले नावाडी माल उतरला की तराफाही मोडून लाकडाच्या भावाने विकत आणि घरी चालत जात. प्रवाहाविरुद्ध रिकामा तराफा ओढत नेण्यात कुणाला रस असणार?

त्या काळाची एक खूण आजही मोटलावा नदीच्या काठावर उभी आहे. तिला 'झुराव' म्हणतात, म्हणजे क्रौंच पक्षी. लांब मान पुढे काढून उभा असलेला लाकडाचा प्रचंड मनोरा, बाजूला विटांचे दोन बुरूज. १४४० च्या दशकात बांधलेली ही क्रेन. आत माणसापेक्षा कितीतरी उंच अशी लाकडी चाकं, आणि त्या चाकांच्या आत शिरून माणसं चालायची. तेलाच्या घाण्याला बैल गोल फिरतो, इथे माणूस जागच्या जागी चढ चढत राहतो. तो चालला की दोर गुंडाळला जायचा आणि चार टनांपर्यंतचं ओझं ११ मीटर वर जायचं. दारूची पिंपं, जात्याचे दगड, जहाजाच्या डोलकाठ्या, सगळं याच पायांच्या जोरावर. आत चालणाऱ्याला खालचं काहीच दिसत नसणार.

सोळाव्या-सतराव्या शतकात ग्दान्स्क हे पोलंडमधलं सगळ्यात मोठं आणि श्रीमंत शहर होतं. राजधानीपेक्षाही मोठं. त्या श्रीमंतीची दुसरी बाजू मात्र पर्यटकांना दाखवत नाहीत. धान्याला परदेशात भाव आला म्हणून जमीनदारांनी शेती वाढवली, आणि ती कसायला कुळांना जमिनीशी जखडून टाकलं. आठवड्यातले कित्येक दिवस मालकाच्या शेतात वेठबिगारी. ॲमस्टरडॅमला पाव स्वस्त मिळत होता तो या वेठीवर. बंदर भरभराटीला आलं म्हणून मागचा मुलूख सुखी होतोच असं नाही.

"पण ही तर जर्मन शहरं होती ना?"

हा आक्षेप पोलंडबद्दल बोलताना हमखास येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ग्दान्स्कमध्ये बहुसंख्य लोक जर्मन बोलत आणि शहराला 'डान्झिग' म्हणत, हे खरं. ते शहर १४५४ पासून १७९३ पर्यंत पोलंडच्या राजाला मानत होतं, हेही तितकंच खरं. आपण आज भाषा आणि देश यांची सांगड घालतो तशी त्या व्यापाऱ्यांनी घातली नव्हती. त्यांचा देश म्हणजे त्यांचं शहर. विस्वेच्या तोंडाशी बसून दूरच्या, फारसा जाच न करणाऱ्या राजाला मान तुकवायची आणि धंदा करायचा, हा हिशेब त्यांना पक्का कळत होता.

श्चेत्सिनचं तसं नाही. ते अनेक शतकं जर्मन जगाचंच शहर होतं, मध्ये काही काळ स्वीडनकडे गेलं, मग प्रशिया या जर्मन राज्याकडे, आणि शेवटी बर्लिनचं बंदर म्हणून वाढलं. ते पोलंडकडे आलं ते थेट १९४५ मध्ये. दोन्ही शहरांना एकच उत्तर देऊ पाहणाऱ्यावर, मग तो पोलिश असो की जर्मन, माझा विश्वास बसत नाही.

फाटक दुसऱ्याच्या हातात

१७७२ मध्ये प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा पहिला लचका तोडला. प्रशियाने विस्वेचा खालचा भाग घेतला, ग्दान्स्क शहर तेवढं सोडलं. वरवर पाहता पोलंडचं बंदर शाबूत होतं. पण बंदरापर्यंत जाणाऱ्या नदीवर प्रशियाचे जकातनाके बसले आणि जबर जकात सुरू झाली. रस्ता आहे, पण मधल्या बांधावर दुसऱ्याचा माणूस काठी घेऊन उभा! व्यापार गळाठला. १७९३ मध्ये शहरही गेलं, आणि १७९५ मध्ये पोलंड नावाचा देशच नकाशावरून पुसला गेला. तो परत आला १२३ वर्षांनी, पहिलं महायुद्ध संपल्यावर.

परत आला, पण समुद्राचं काय? व्हर्सायच्या तहाने पोलंडला बाल्टिकचा १४० किलोमीटरच्या आसपास किनारा दिला, त्यातलाही बराच भाग हेल नावाच्या वाळूच्या अरुंद पट्टीचा. मोठं बंदर एकही नाही. ग्दान्स्क ना पोलंडला दिलं ना जर्मनीला. ते 'स्वतंत्र शहर' झालं, राष्ट्रसंघाच्या, म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेच्या, देखरेखीखाली. पोलंडला बंदर वापरायचा हक्क होता, जकातीची हद्द एक होती, तिथे पोलिश टपाल कचेरीही होती. कारभार मात्र शहराचा, आणि शहर जर्मन.

आपल्या तहसील कचेरीतला शब्द वापरायचा तर पोलंडला वहिवाट मिळाली, मालकी नाही. शेजाऱ्याच्या रानातून बैलगाडी न्यायचा हक्क कागदावर असतो. पण ऐन सुगीत त्याने बांधावर काटेरी कुंपण घातलं की कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या आणि पीक रानातच भिजू द्यायचं.

तसंच झालं. १९२० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत फौजा वॉर्साच्या दिशेने येत होत्या आणि पोलंडसाठी दारूगोळा घेऊन आलेली जहाजं उतरवायला ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी नकार दिला. देश बुडायची वेळ, आणि दार आतून बंद.

कोळ्यांच्या वस्तीचं बंदर

त्या अनुभवानंतर पोलंडने ठरवलं, स्वतःच्या जमिनीतून रस्ता काढायचा. ताडेऊश वेंडा या अभियंत्याने किनारा पायाखाली घालून जागा निवडली ती ग्दिनियाची, कशुबी लोकांची मासेमारीची वस्ती. कशुबी म्हणजे या किनाऱ्याचे मूळ रहिवासी, त्यांची भाषा वेगळी. जागा उत्तम होती. समोर हेलची पट्टी आडवी असल्याने वादळी लाटा अडतात, किनाऱ्याजवळच पाणी खोल आहे, आणि हिवाळ्यात ते सहसा गोठत नाही. सप्टेंबर १९२२ मध्ये संसदेने कायदा केला, पुढच्याच वर्षी तात्पुरत्या धक्क्याला पहिलं सागरी जहाज लागलं.

"शेजारी तयार बंदर असताना हा खर्च कशाला?" असं तेव्हाही विचारलं गेलं. उत्तर दिलं परिस्थितीने. १९२५ मध्ये जर्मनीने पोलंडशी जकातयुद्ध सुरू केलं, देशाच्या दक्षिणेकडच्या सिलेशियाच्या खाणीतला कोळसा पडून राहू लागला. १९२६ मध्ये ब्रिटनचे खाणकामगार संपावर गेले आणि स्वीडन-डेन्मार्कसारख्या गिऱ्हाइकांना कोळसा मिळेना. पोलंडकडे कोळसा होता, आणि आता तो जहाजात भरायला जागाही होती. सिलेशियापासून थेट ग्दिनियापर्यंत खास कोळशासाठी रेल्वे टाकली, ती १९३३ मध्ये पुरी झाली. त्याच दशकात ग्दिनिया बाल्टिकमधलं सगळ्यात जास्त माल हाताळणारं बंदर बनलं. १९२० च्या सुमारास वस्ती साधारण १३००, आणि १९३९ मध्ये सव्वा लाखाच्या घरात.

इटलीत बांधून घेतलेल्या 'बातोरी' या प्रवासी जहाजाची किंमत पोलंडने काही अंशी कोळसा देऊनच फेडली. हेच 'बातोरी' १९५१ पासून काही वर्षं ग्दिनियाहून निघून मुंबई-कराचीपर्यंत येत असे. आपल्याकडच्या विलायतेला निघालेल्या विद्यार्थ्यांनी बॅलार्ड पिअरला त्याची वाट पाहिली असणार. पोलंडच्या बंदराशी मुंबईचा असा सरळ धागा होता, आज तो कुणाच्या लक्षातही नाही.

युद्ध, आणि उचलून सरकवलेला देश

१ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे ग्दान्स्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या वेस्टरप्लाट्टे या पोलिश लष्करी ठाण्यावर जर्मन युद्धनौकेने तोफा डागल्या. दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात सांगताना हे ठिकाण पहिल्यांदा येतं. दोनशेच्या आसपास शिपाई सात दिवस लढले. ग्दिनियातून पोलिश लोकांना हाकलून शहराचं नाव बदललं गेलं, आणि १९४५ मध्ये ग्दान्स्कचा जुना भाग जवळपास राखरांगोळी झाला.

त्यानंतर जे झालं ते समजायला सगळ्यात अवघड. दोस्त राष्ट्रांनी पोलंड अख्खा उचलून पश्चिमेकडे सरकवला. पूर्वेचा मोठा मुलूख सोव्हिएत संघाने ठेवून घेतला, बदल्यात जर्मनीचा पूर्व भाग पोलंडला मिळाला. १४० किलोमीटरचा किनारा चारशेच्या पुढे गेला, ग्दान्स्क आणि श्चेत्सिन दोन्ही पदरात पडली. तिथले जर्मन लोक गेले किंवा घालवले गेले, आणि त्यांच्या घरांत आले बरेचसे पूर्वेकडे स्वतःची घरं गमावलेले पोलिश लोक.

कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित त्याच पूर्वेच्या मुलखातले होते. आधी सायबेरियाला नेलेले, मग इराणमार्गे इथवर पोचलेले. युद्ध संपलं तेव्हा त्यांचं गाव पोलंडमध्ये उरलंच नव्हतं.

श्चेत्सिनमध्ये राहायला आलेल्यांनाही हे घर खरंच आपलं राहणार का याची खात्री वाटत नव्हती. पश्चिम जर्मनीने ही हद्द मान्य केली ती ७ डिसेंबर १९७० च्या करारात. पंचवीस वर्षं लोक जणू बांधलेली वळकटी दाराशी ठेवून राहिले.

फाटक आतून लावलं तेव्हा

तो करार होऊन पाच दिवस होतात न होतात तोच, नाताळच्या तोंडावर, पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने मांसासकट खाण्याच्या वस्तूंचे भाव वाढवले. ग्दान्स्क, ग्दिनिया आणि श्चेत्सिनच्या जहाज कारखान्यांतले कामगार रस्त्यावर उतरले. कामावर परत या, असं १६ डिसेंबरला सरकारी पुढाऱ्याने टीव्हीवरून आवाहन केलं. १७ तारखेला पहाटे ग्दिनियात कामगार लोकल गाडीतून उतरून कारखान्याकडे निघाले, तेव्हा समोर सैन्य उभं होतं आणि गोळीबार झाला. किनाऱ्यावरच्या शहरांत त्या आठवड्यात चाळीसहून जास्त माणसं मेली. बाहेरच्या शत्रूने हद्द मान्य केली, आणि गोळी घरातून आली.

कामगार त्यातून एक गोष्ट शिकले. रस्त्यावर जायचं नाही. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन जहाज कारखान्यातून आन्ना वालेंतिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईंना काढून टाकलं, तेव्हा १४ तारखेला संप झाला आणि कामगारांनी फाटक आतून लावून घेतलं. वीजतंत्री लेख वावेन्सा त्यांचे पुढारी झाले. एकवीस मागण्या प्लायवूडच्या दोन फळ्यांवर रंगवून फाटकावर टांगल्या. त्यात स्वतंत्र कामगार संघटनेची मागणी होती, आणि मांसाच्या पुरवठ्याची आणि बाळंतपणाच्या रजेचीही होती. ३१ ऑगस्टला सरकारने सही केली. आदल्याच दिवशी श्चेत्सिनमध्ये तसाच करार झाला होता. 'सॉलिडॅरिटी' या संघटनेचे सभासद लवकरच एक कोटीच्या आसपास गेले.

हे बंदरांतच का घडलं? एका आवारात हजारो कामगार, बाहेरच्या जगातली खबर आणणारे खलाशी, आणि परकीय चलन मिळवून देणारा धंदा. सरकारला हे कारखाने फार दिवस बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. १९८९ मध्ये राजवट गेली. त्यानंतर खुल्या बाजारात हेच जहाज कारखाने डबघाईला आले, ग्दिनिया आणि श्चेत्सिनचे मोठे कारखाने २००९ मध्ये बंद झाले. ज्यांनी सरकार पाडलं त्यांच्यापैकी कित्येकांना त्याचं फळ म्हणून बेकारी मिळाली, हे पोलंडमध्ये अजून कडवटपणे बोललं जातं.

"युरोप एक झाल्यावर स्वतःचं बंदर कशाला?"

जर्मनीचं हॅम्बर्ग बंदर फार लांब नाही, हद्दीवर नाके नाहीत, मग माल तिथे उतरला तर बिघडलं काय? बरीच वर्षं तसंच चालायचं. चीनहून आलेला कंटेनर हॅम्बर्गला उतरायचा, मग ट्रकने किंवा लहान जहाजाने पोलंडला. पण युरोपीय संघात बाहेरून आलेल्या मालावरची जकात जिथे वसूल होते, त्या देशाला वसुलीखर्च म्हणून तिचा चौथा हिस्सा ठेवता येतो. म्हणजे पुन्हा अडत आलीच. २००७ मध्ये ग्दान्स्कला खोल पाण्यातलं कंटेनर टर्मिनल सुरू झालं आणि आशियातून येणारी मोठी जहाजं थेट लागू लागली. २०२३ मध्ये ग्दान्स्क बंदराने सुमारे ८ कोटी १० लाख टन माल हाताळला.

दुसरं उत्तर गॅसचं. श्विनोउइश्चेला द्रवरूप गॅस उतरवायचं टर्मिनल बांधलं तेव्हा, रशियाचा गॅस नळातून येत असताना हा खटाटोप कशाला, असं म्हणणारे होते. एप्रिल २०२२ मध्ये रशियाने पोलंडचा गॅस तोडला. घरातल्या शेगड्या विझल्या नाहीत, कारण जहाजाचं दार उघडं होतं. त्याच वर्षी रशियन कोळशावर बंदी आली, आणि कोळसा बाहेर पाठवण्यासाठी जन्मलेल्या ग्दिनियाच्या धक्क्यावर परदेशी कोळशाचे ढीग लागले.

दार मोठं असून भागत नाही, हे युक्रेनच्या धान्याने दाखवलं. काळ्या समुद्राची वाट अडल्यावर ते पोलंडच्या बंदरांतून पाठवू असं ठरलं, पण युक्रेनचे रूळ १५२० मिलिमीटर रुंद आणि पोलंडचे १४३५. हद्दीवर प्रत्येक दाणा एका डब्यातून दुसऱ्यात. मिरज जंक्शनला ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज एकत्र असतानाची हमाली ज्यांना आठवते त्यांना जास्त सांगायला नको. बंदरापर्यंत न पोचलेलं धान्य पोलंडच्याच बाजारात उतरलं, भाव पडले आणि तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हद्दीवर बसले.

"आणि बाल्टिकचं दार?"

तेही दुसऱ्याच्याच अंगणात आहे, हे खरं. बाहेरच्या समुद्रात जायला डेन्मार्कजवळच्या सामुद्रधुनींतून जावं लागतं. १४२९ पासून १८५७ पर्यंत डेन्मार्क तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून टोल घेत असे. टोल गेला, उथळ पाणी राहिलं. साधारण १५ मीटरपेक्षा खोल बुडणारं जहाज तिथून जात नाही.

रस्त्याचा हा सोस कुठवर जातो याचा ताजा नमुना एल्ब्लाँग या छोट्या बंदराचा आहे. ते ज्या खाजणावर आहे त्याचं समुद्राकडचं नैसर्गिक तोंड रशियाच्या हद्दीत. म्हणून पोलंडने वाळूची पट्टी कापून स्वतःचा कालवा काढला, सुमारे दोनशे कोटी झ्वोटी (पोलंडचं चलन) खर्चून, आणि १७ सप्टेंबर २०२२ ला त्याचं उद्घाटन केलं. तारीख मुद्दाम निवडलेली, १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा त्याच दिवशी पोलंडमध्ये घुसल्या होत्या. भाषणं झाली, झेंडे फडकले. पण एल्ब्लाँगच्या धक्क्याजवळचा शेवटचा ९०० मीटरचा तुकडा उथळच होता, आणि तो सरकारने खोदायचा की नगरपालिकेने यावर भांडण लागलं.